दुसरी सुई माहेरी झाली

धनुर्वाताची सुई टोचायला पाच सेकंद पुरतात. ती टोचून घ्यायला बाईच्या घरच्यांना तयार करण्यात मात्र माझ्या कितीतरी दुपारी गेल्या, आणि दुसऱ्या सुईच्या वेळी त्याच दारात पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे. पहिली सुई लोक घेत. नवी सून, पहिलं बाळंतपण, नर्सबाय एवढी चालत आलीय, तर घे गो. महिन्यानं मी परत दारात उभी राहिले की कपाळाला आठ्या. "आता कसली? झाली की मागं!"

मी पेण तालुक्यात खाडीकडच्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. गावं पाच आणि चालायला पाय दोन. माझं नाव सुलभा आहे हे बऱ्याच जणांना माझ्या निरोपसमारंभाच्या फळ्यावर वाचून कळलं, तोवर मी नुसती नर्सबाय. नोकरीत विंचू-साप चावलेले पाहिले, होडीतच बाळंत झालेली बाई पाहिली, ते सगळं बाजूला ठेवते. नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात एक सुई द्यायची राहून गेली होती, तिच्याबद्दल लिहायचं आहे. निरोपाच्या भाषणात मी ही गोष्ट अर्धीच सांगितली होती.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिलटकरणीला धनुर्वाताच्या दोन सुया द्यायच्या, मध्ये निदान चार आठवडे सोडून, आणि दुसरी बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी. पहिल्या सुईनं शरीराला त्या रोगाची नुसती ओळख होते. रोगाला अडवायची ताकद येते दुसरीनं, आणि तीच आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाला मिळते. तेव्हा गावात बाळंतपणं घरीच होत. नाळ कापायला घरातलं जुनं पातं, नाळेवर चुलीतली राख. जंतू तिथून शिरतो. मूल जन्मतं तेव्हा खणखणीत रडतं, चार-पाच दिवस नीट पितं, आणि मग एका सकाळी त्याचं तोंड उघडेनासं होतं. हात लावला की अंग ताठ. असं बाळ मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं. त्यानंतर कुठलंही तान्हं मूल दिसलं की माझी नजर आधी त्याच्या ओठांकडे जायची, ती सवय अजून गेली नाही. लोक म्हणत, पाचवीच्या पूजेत काहीतरी चुकलं, सटवाई रुसली. मी त्यांना हसले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशीच जर मूल दूध सोडतंय, तर माणसं त्या दिवसाच्या देवीलाच विचारणार.

पण दुसऱ्या सुईवरून जो गोंधळ होता त्याला देवीचा काही संबंध नव्हता. कुणी म्हणे, पहिलीनंच दंड सुजला, ताप आला, म्हणजे लागू पडली, आता कशाला? कुणी म्हणे, शेजारच्या वनीला एकच दिलीत, आमच्या सुनेला दोन का? आता वनीचं दुसरं बाळंतपण, पहिल्या वेळच्या तिच्या दोन्ही सुया झालेल्या, वर्षं फार उलटलेली नाहीत, म्हणून तिला एकच पुरे. नियम बरोबर होता, पण ओटीवर उभ्यानं तो समजावताना माझीच जीभ अडखळायची. शेवटी मला पेणच्या गणपतींनी वाचवलं. इथं घरटी एकजण तरी मूर्तीच्या कारखान्यात. मी विचारायची, "मूर्तीला रंगाचा एक हात मारून पाठवता का गिऱ्हाइकाला?" "नाय, पहिला सुकला की दुसरा मारायचा." "का?" "नायतर रंग धरत नाय." "मग सुनेलाच एका हातावर का सोडता?" एवढं बोललं की पुष्कळदा काम व्हायचं.

खरी अडचण पुढेच होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरली की सून निघाली. म्हणजे पहिली सुई सासरी, आणि दुसरीची वेळ येते तेव्हा बाई दुसऱ्याच तालुक्यात. तिचं कार्ड मात्र सासरी, पत्र्याच्या डब्यात रेशनकार्डाखाली, कारण घरातले कागद सासूच्या ताब्यात. मी महिन्यानं जाऊन विचारी. सासू म्हणे, "ती हितं कुठं हाय? झाली असंल तिकडं." मी रजिस्टरात 'माहेरी' लिहून पुढे बरोबरची खूण करी आणि पुढच्या घरी जाई. महिन्याच्या बैठकीत ज्यांच्या रकान्यात मोकळ्या जागा, त्यांची नावं मोठ्यानं वाचली जात. माझं नाव कधी वाचलं गेलं नाही. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

आधीच्या वर्षी आमच्या गावातली कुंदा अशीच माहेरी गेली, रोह्याकडे. दोन महिन्यांनी ती रिकाम्या हातांनी परत आली. मुलगा झाला होता, सातव्या दिवशी गेला. मी भेटायला गेले. सासू ओटीवर बसून रडत होती, कुंदा मागे बसून तांदूळ निवडत होती. मी रजिस्टर उघडलं आणि सासूला म्हटलं, "दोन्ही सुया झाल्यात हो. हे धनुर्वाताचं नसणार." सासूनं डोळे पुसले. कुंदानं मान वर केली नाही. मी चहा पिऊन निघाले.

पुढच्या श्रावणात पेणला आम्हा सेविकांचं प्रशिक्षण होतं. दोन-तीन तालुक्यांच्या बाया आल्या होत्या. रोह्याची एस्तेर माझ्या शेजारी बसली. आमची ओळख नर्सिंगच्या शाळेतली. तिचं घराणं कोकणातल्या यहुदी लोकांपैकी, जुन्या लोकांच्या तोंडी शनवार तेली. आजोबांचा घाणा शनिवारी बंद असे. भाऊ, काका, सगळे इस्रायलला गेले. ही आईला घेऊन राहिली धाटावजवळच्या उपकेंद्रावर, नऊवारीतल्या आयांची बाळंतपणं करत. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून रविवार भरून द्यायची. दिवस शुक्रवारचा होता, त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडताच लागतो, आणि त्याच्या आत घरी पोचायचं म्हणून तिनं सकाळीच परवानगी काढून ठेवली होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडले. एस्तेर माहेरपणाला आलेल्या बायकांची नावं एका छोट्या वहीत लिहायची. "बघू तुझ्या किती पोरी माझ्या पदरात पडल्यात," म्हणून तिनं वही काढली. चौथं नाव वाचलं, "सुगंधा. नवरा मूर्ती रंगवतो ती. नववा लागलाय. दुसरी सुई तुझ्याकडेच झालीय ना?"

"माझ्याकडे? छे गो. माझ्याकडे 'माहेरी झाली' अशी खूण आहे."

"माझ्याकडे 'सासरी झाली' अशी आहे."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"तुला कोण म्हणालं?" मी विचारलं.

"तिचा भाऊ. पेणला सगळं झालंय म्हणाला. आणि तुला?"

"सासू."

तिनं बोटांवर दिवस मोजले, मीही मोजले. बाळंतपणाला जेमतेम तीन आठवडे. पहिलटकरीण, चार दिवस आधीही बाळंत होऊ शकते. डबे तसेच बंद केले. शिकवणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलं की घरून निरोप आलाय. नोकरीतलं हे माझं एक खोटं मला कधी खुपलं नाही.

एसटी मिळाली, पण खांब गावाच्या अलीकडे टँकर आडवा झालेला. एक तास गाडी जागच्या जागी. एस्तेर खिडकीतून रस्ता बघत होती आणि मी तिचं घड्याळ. पुढे कोलाडवरून धाटाव लागलं. सुगंधाच्या गावचा फाटा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, पण हातात लस नाही तर उतरून काय करणार? लस रोह्याच्या केंद्रातल्या फ्रिजमध्ये. तिथं पोचलो तर चार वाजलेले, चावीवाला चहाला गेलेला. त्याला शोधला, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. तेव्हा काचेची सिरिंज आणि सुया उकळून वापराव्या लागत, त्यात वीस मिनिटं गेली. पाणी उकळेना तेव्हा मी स्टोव्हला शिव्या घातल्या. एस्तेर म्हणाली, "स्टोव्ह काय करील गो? खुणा आपण केल्यात."

धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट सुटलेल्या माणसांना रोह्यात सोडून कंपनीची बस रिकामी धाटावला चालली होती. ड्रायव्हरच्या दोन्ही मुली एस्तेरच्या हातच्या, त्यानं फाट्यापर्यंत सोडलं.

सुगंधा पडवीत बसली होती, पाय सुजलेले, मांडीवर शेंगांची टोपली. तिची आई दारात, आणि भाऊ प्रकाश नुकताच पहिल्या शिफ्टहून आलेला, बशीत चहा ओतत. मी जरा दम खाऊन सांगायला सुरुवात केली. प्रकाशनं ऐकून घेतलं आणि हसला.

"बाई, तुम्ही मला धनुर्वाताचं शिकवू नका. आमच्या कंपनीत हाताला कापलं की इंजेक्शन. एकच. सहा महिने काळजी नाय. तिचं घेऊन तीन महिने पण नाय झाले."

"ते जखमेचं. तुम्हाला लहानपणापासून किती मिळाली असतील. हिला आधी कधीच नाही मिळालेलं, आणि हे पोटातल्यासाठी."

"आमचा डॉक्टर एमबीबीएस हाय."

"आणि पेणला दोन्ही झाल्यात म्हणून तुम्हीच सांगितलंत ना यांना?"

"झाल्याच असतील. कार्डावर हाय सगळं."

"कार्ड कुठंय?"

"पेणला."

आई मध्ये पडली. "नववा लागलाय बाय. आता सुई टोचली नि कळा चालू झाल्या तर? तुमी जाल निघून."

मी रंगाचे दोन हात सांगितले. धाटावच्या माणसाला गणपतीच्या रंगाचं काय पडलंय! मी पाहिलेलं ते ताठ झालेलं बाळ सांगितलं, तर आई कानांवर हात ठेवून म्हणाली, "भरल्या घरात असलं बोलू नका." मी आवाज चढवला, प्रकाशनं बशी आपटली. ऊन अंगणातून गेलं होतं. एस्तेरला घरी दिवा लावायचा होता आणि मी भांडत बसले होते. अर्धा-पाऊण तास असाच गेला.

एस्तेर इतका वेळ गप्प होती. ती उठली आणि सुगंधाच्या समोर खाली बसली.

"सुगंधा, तुला किती टोचल्या?"

सुगंधानं भावाकडे बघितलं, मग एस्तेरकडे.

"एक. ह्या हाताला." तिनं डावा दंड दाखवला. "बाई बोलल्या होत्या महिन्यानं दुसरी. मी वाट बघत होते."

"मग बोलली का नायस?" प्रकाश म्हणाला.

"तू सांगितलंस ना, झाल्यात."

एस्तेरनं एवढंच विचारलं, "आता घेणार?" सुगंधानं टोपली बाजूला ठेवली आणि उजवी बाही वर केली. आई देवाचं नाव घेत आत गेली. पाच सेकंद लागले. निघताना प्रकाश सायकल घेऊन मागून आला आणि एस्तेरला म्हणाला, "बसा मागं, सोडतो." सूर्य बुडायच्या आत ती घरी पोचली. मी एकटीच फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले.

सतराव्या दिवशी, सोमवारी, सुगंधाला मुलगी झाली. एस्तेर हजर होती, नवं पातं, उकळलेला दोरा, नाळेवर काही लावू दिलं नाही. दोन आठवडे पुरे होऊन वर तीन दिवस. कागदावर सगळं नीट. पण कागदावरचा माझा विश्वास उडाला होता. मी एस्तेरला निरोप धाडला की रोज कळव. ती रोह्याहून पेणला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची, मी दुपारी नाक्यावर जाऊन घ्यायची. मंगळवार: "पिते." बुधवार: "पिते." गुरुवार: "पिते, रडून घर डोक्यावर." शुक्रवार, पाचवीचा दिवस: "पिते."

शनिवारी कंडक्टर म्हणाला, "आज काय नाय."

"नीट बघा."

त्यानं बॅग उलटी करून दाखवली. सहावा दिवस. ज्या बाळाला मी पहिल्या वर्षी पाहिलं होतं, त्यानंही सहाव्या दिवशीच दूध सोडलं होतं. मी उपकेंद्राला कुलूप घातलं आणि त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत बसले. सगळ्या वाटेत मी सुगंधाच्या आईला काय सांगायचं ते जुळवत होते. काहीच जुळेना. फाट्यावरून गावापर्यंत मी धावले, चाळिशी उलटलेली बाई, छत्री न उघडता.

पडवीत एस्तेर बसली होती. आतून चुकचुक आवाज येत होता. सुगंधा पदराखाली मुलीला पाजत होती. मी भिंतीला टेकले आणि रडले, सगळ्यांसमोर.

"चिठ्ठी का नाही पाठवलीस?" मी एस्तेरवर ओरडले.

"आज शनिवार," ती म्हणाली. "शनिवारी मी लिहीत नाही. म्हणून चालत येऊन बघून जातेय सकाळपासून. इतक्या वर्षांत तुला ठाऊक नाही? कधी विचारलं नाहीस ते."

पुढचे दोन आठवडेही चिठ्ठ्या येत राहिल्या, शनिवार सोडून. मुलगी तगली. तिच्या बारशाला प्रकाशनं मला साडी नेसवली.

भाषणात मी इथवर सांगितलं. टाळ्या झाल्या.

त्या शनिवारी परतीच्या गाडीत मला आनंद झाला होता, तो वडखळपर्यंत टिकला. 'माहेरी' लिहून पुढे बरोबरची खूण. सुगंधाची एकटीची का असेल? घरी येऊन मी मागच्या वर्षाचं रजिस्टर काढलं. पानं उलटायची गरजच नव्हती, कुठलं नाव बघायचं ते ठाऊक होतं. कुंदा. पहिली सुई, माझी सही. दुसरी, 'माहेरी', बरोबर. तीही रोह्याकडची, पण एस्तेरच्या गावातली नव्हे. तिथल्या सेविकेनं काय लिहिलं असेल ते विचारायला मला कुठं जावं लागलं नाही.

रविवारी सकाळी मी कुंदाकडे गेले. ती ओटीवर सूप घेऊन बसली होती. सासू आत चुलीपाशी. मला बघून कुंदा उठायला लागली, मी तिला बसवलं आणि शेजारी बसले.

"कुंदा, तुला सुया किती टोचल्या होत्या गो?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी मी परक्या भाषेत बोलले.

"एक."

"माहेरी कुणी नाही दिली?"

"नाय. तिकडच्या नर्सबायनं इचारलं, आय बोलली पेणला झाल्या."

"आणि बाळ... दूध सोडलं त्यानं? तोंड उघडत नव्हता?"

"व्हय. हात लावला की ताठ व्हायचा." तिनं सूप घट्ट धरलं होतं. एका वर्षात कुणी तिला हे विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"मग मी आले होते तेव्हा बोलली का नाहीस? मी तुझ्यासमोर म्हटलं, दोन्ही झाल्यात."

"तुमच्या वहीत होतं बाय," ती म्हणाली. "मला वाटलं, वहीत हाय म्हंजे माझंच काय तरी चुकलं. पाचवीला सांजच्याला मी उंबऱ्यावर बसले होते. ह्या आई बोलतात, म्हणून सटवाईनं नेला त्याला."

त्या एका खुणेनं मी बैठकीत माझी अब्रू राखली होती, आणि ही पोरगी वर्षभर उंबऱ्याला पाय लावायला घाबरत होती.

मी तिला सांगितलं. दुसरी सुई तुला मिळाली नाही. मी न विचारता लिहिलं. उंबऱ्याचा काही संबंध नाही. चूक माझी. नंतर त्या सगळ्या खुणा मी लाल शाईनं खोडल्या, बैठकीत माझं नाव वाचलं गेलं, लेखी खुलासा द्यावा लागला. त्याचं काही विशेष नाही. ओटीवर बसून ते सांगणं जड होतं.

कुंदानं सुपातले तांदूळ हातानं सारखे केले.

"उंबऱ्याचं नाय?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं सूप खाली ठेवलं, डोळे पुसले नाहीत, आणि आत तोंड करून हाक मारली. त्या घरात मी तिचा आवाज इतका मोठा पहिल्यांदाच ऐकला.

"आई, बाहेर या. नर्सबाय काय बोलतात ते ऐका."

सासू हात पुसत बाहेर आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.